मी मोजलेलं एक वानर

मागच्या आठवड्यात पेपरच्या रविवार पुरवणीत एक लेख आला होता. पूर्वेकडच्या देशांतल्या जंगलांत आपल्या वानरांची चुलत भावंडं राहतात, झाडपाला खाऊन जगतात आणि आता फार थोडी उरली आहेत. नेमकी किती उरली हे मोजायला माणसं महिनोन् महिने जंगलात बसतात. लेखाबरोबर फोटो होता. गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक माणूस वर बघतोय आणि झाडावर, माझ्या मोजणीप्रमाणे, अडीच माकडं. अर्ध्याचं नुसतं शेपूट दिसत होतं. घरात सगळ्यांनी त्या माकडांबद्दल हळहळ केली. मला मात्र त्या माणसाचं वाईट वाटलं. पाला खाणारं माकड मोजणं काय असतं, हे आमच्या तालुक्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसावं. मी स्वतः एक मोजलं आहे.

एकच. पण त्याची हकीकत मोठी आहे.

तेव्हा मी पारनेर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होतो. एक्क्याण्णवच्या जनगणनेत ते गाव माझ्याकडेच आलं होतं. घरोघर दाराच्या चौकटीवर गेरूने आकडे टाकत मी फिरलो होतो. एकशे बारा घरं, सहाशे त्रेचाळीस माणसं. एका घरी चार वेळा जावं लागलं, कारण तिथला म्हातारा दर खेपेला मुलांची संख्या निराळी सांगे. चौथ्या वेळी मी सगळ्यांना अंगणात ओळीने उभं केलं, तेव्हा कुठे सातवर एकमत झालं. तालुक्याला कागद दिले तेव्हा तिथल्या साहेबांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यावर मी पुढची दोन वर्षं खूश होतो.

'अंदाजे' या शब्दाशी माझं जमत नाही. बायकोने कोथिंबीर थोडी आणा म्हटलं की मी दारातच थांबतो. थोडी म्हणजे किती जुड्या? हा गुण म्हणून सांगत नाही. घरच्यांनी तो कधी गुणांत धरलेला नाही.

तर जनगणनेनंतर दोन-तीन वर्षांनी, हरभरा घाट्यात आला असताना, डोंगरावरची वानरं शिवारात उतरली. तशी ती दरवर्षी येत, पण त्या वर्षी मुक्कामालाच आली. ओढ्याकाठच्या उंबरावर झोपायची आणि दिवसभर चिंचेची, पिंपळाची, शेवग्याची कोवळी पानं ओरबाडायची. मध्येच कुणाच्या हरभऱ्यात शिरायची. गावाने वनखात्याला अर्ज केला की ही टोळी इथून हलवा. खात्याचं एका ओळीचं उत्तर आलं : टोळीतील वानरांची निश्चित संख्या कळवावी. ते पत्र ग्रामसभेत वाचलं गेलं आणि आमच्या शेजारचे आबा उठले. त्यांचा पाऊण एकर हरभरा ओढ्याला लागूनच होता.

"लिवा, दीडशे हायती," ते म्हणाले. "मोजून दीडशे."

मी गप्प बसायला हवं होतं. "मोजून म्हणजे, कुणी मोजली?"

"मोजायला कशाला लागतंय? दिसत्यात की."

"दिसतात म्हणजे किती दिसतात?"

"गुरुजी, माज्या हरबऱ्यात उभं ऱ्हावा एक डाव, मंग कळंल किती दिसत्यात ते."

सभा हसली. मी उठून म्हणालो, मी मोजून देतो. आबा खाली बसता बसता म्हणाले, "मोजा, मोजा. तुमास्नी बी तेवढंच येतंय." सभा पुन्हा हसली. पहिल्यापेक्षा जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वही घेऊन उंबराखाली गेलो. एकतीस भरली. खात्री करावी म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी गेलो तर सत्तावीस. तिसऱ्या दिवशी चव्वेचाळीस. त्यांतलं निदान एक मी दोनदा मोजलं याची मला खात्री होती, कोणतं ते मात्र सांगता आलं नसतं. सगळ्यांची तोंडं काळी, अंगं राखी, शेपट्या सारख्याच लांब. पानं खाऊन पोटं तट्ट झाली की ती तासन् तास जागची हलत नाहीत, हा मला मोठा आधार वाटला होता. पण मी सतरापर्यंत आलो की कुणीतरी खाकरल्यासारखा आवाज काढी आणि सगळी टोळी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर. जनगणनेत माणूस निदान दारात येऊन उभा राहतो. नाव विचारलं तर नाव सांगतो.

"सरासरी काढा नि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

सरासरी मी काढलेलीच होती. चौतीस येत होती. पण सरासरीतलं वानर झाडावर बसत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि चुलीवरचा कुरडयांचा चीक घाटायला घेतला.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला साधी गोष्ट सुचली. घरं मोजताना घोटाळा का झाला नाही? कारण मोजलेल्या घरावर गेरूची खूण होती. मग मोजलेल्या वानरावर खूण केली की झालं. आजही ही कल्पना मला चुकीची वाटत नाही. चूक पुढे झाली. नुसता गेरू पाण्याने जाईल म्हणून मी त्यात बाभळीचा डिंक घातला. गावातल्या भिंतींवर कुटुंबनियोजनाच्या आणि साक्षरतेच्या घोषणा मीच लिहायचो, त्यामुळे प्रमाण मला पाठ होतं. डिंक घातलेला गेरू दोन पावसाळे धरतो.

उडवायला फवारणीचा पंप लागणार होता. तो आबांकडे होता.

"कशाला पायजे?" त्यांनी विचारलं.

"शेवग्यावर मावा पडलाय."

हे खोटं होतं. या सगळ्या प्रकरणात मी एकूण तीन वेळा खोटं बोललो, त्यातलं हे पहिलं.

रविवारी दहाच्या सुमारास टोळी आमच्या परसातल्या शेवग्यावर आली. अंगणात दोन बाजांवर बायकोने कुरडया वाळत घातल्या होत्या. मी पंप पाठीला लावून तिसऱ्या बाजेवर चढलो. धार सरळ जावी म्हणून पुढचं नोझल काढून टाकलं होतं. सगळ्यांत खालच्या फांदीवर एक मादी पोटाशी पिल्लू धरून पाठमोरी बसली होती आणि दोन्ही हातांनी पाला ओढून खात होती. पाठीवर, शेपटाच्या वर चार बोटांवर, खूण करायची असं मी ठरवलं. दांडा हापसला. काही आलं नाही. डिंकाने नळी धरली होती. मी आणखी जोरात हापसला. आणखी. मग एकदम आलं.

नळी पंपापाशी सुटली होती. निम्मा गेरू माझ्या मानेवर, कानांवर आणि सदऱ्यात गेला. उरलेला अंगणभर उडाला. मी बाजेवरून पडलो. त्या आवाजाने ती मादी वळून बघायला लागली आणि नळीतून शेवटची जी पिचकारी निघाली ती बरोबर तिच्या कपाळावर बसली. तिने डोळे मिटले, उघडले, माझ्याकडे फार वेळ पाहिलं आणि पिल्लू सावरून निघून गेली. मागोमाग बाकीची गेली. मी वहीत लिहिलं : एक.

बायको बाहेर आली. तिने आधी कुरडयांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती झाली?"

"एक."

"एक वानर आणि दोन बाजा कुरडया," ती म्हणाली. "लिहून ठेवा."

कानांचा रंग आठ दिवस गेला नाही. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचो, वर्गाची पाटी रंगवत होतो. हे दुसरं खोटं.

पुढचा शनिवार उजाडला आणि गावात गलका झाला. आमच्याकडे शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ आणि तेल घालायला सगळं गाव देवळात येतं. त्या दिवशी माणसं जमलेली असताना टोळी देवळामागच्या पिंपळावर उतरली आणि त्यांतल्या एका वानरीच्या कपाळी शेंदूर होता. गेरू विटकरी असतो आणि शेंदूर केशरी, हे मला कळतं. पण राखी केसांवर वाळलेला डिंकाचा गेरू सकाळच्या उन्हात थेट शेंदरासारखा चमकत होता, हेही मला कबूल केलं पाहिजे. बायका हात जोडून उभ्या राहिल्या. कुणीतरी घंटा वाजवली.

पहिली शंका आबांनीच काढली. "पर ही तर बाई हाय. आन् मारुती बरमच्यारी. पोर हाय की हिच्याजवळ."

गुरव म्हातारा होता आणि त्याला उत्तराला वेळ लागत नसे. "आरं, अंजनी हाय ती. मारुतीची आई. पोर न्हाई तर काय असंल तिच्याजवळ?"

झालं. हरकत संपली. आबा घरी गेले आणि गुळाचा खडा घेऊन आले. दीडशे वानरांना हाकला म्हणणारा माणूस त्यांतल्या एकीपुढे गुडघे टेकून गूळ धरत होता. वानरीण खाली आली. माणसांनी काही खायला द्यावं हा अनुभव तिला नवा असावा. तिने गूळ हुंगला आणि खाल्ला. मग कुणी केळं दिलं, कुणी पेढा, कुणी फुटाणे.

मी तिथेच होतो. गुरवाने मला विचारलंही, "गुरुजी, तुमी शिकलेलं मानूस. तुमाला काय वाटतं?"

"मला काय माहीत," मी म्हणालो.

हे तिसरं, आणि मोठं.

का बोललो नाही याची कारणं मी तेव्हाच मोजून ठेवली होती. एक, जमाव आनंदात होता. दोन, मी वानर मोजतोय हे सगळ्यांना माहीत असलं तरी पिचकारीने मोजतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. तीन, चव्वेचाळीसपैकी, किंवा चौतीसपैकी, किंवा एकतीसपैकी, एक मोजून झालं हे आबांना सांगावं लागलं असतं. खरं कारण तिसरंच होतं.

त्या दिवसापासून ती देवळाला लागली. रोज सकाळी कट्ट्यावर येऊन बसायची. शेजारच्या वाड्यांवरून माणसं यायला लागली, पाथर्डीकडून ऊसतोडीला गेलेल्या माणसांची परतीच्या वाटेवरची एक जीप खास वाट वाकडी करून आली. शिरा, पेढे, केळी, शेव, एकाने तर गुलाबजाम. चार-पाच दिवसांत मला फरक दिसायला लागला. मोजायची सवय असलेल्या माणसाला एक गोष्ट बरी येते, कालच्यापेक्षा आज काय कमी झालं ते दिसतं. ती पिंपळावर चढताना दोनदा थांबायला लागली. मग चढेचना. टोळी संध्याकाळी उंबराकडे निघून जाई आणि ती कट्ट्यावरच मागे राही. पोट डाव्या अंगाला फुगलेलं, पाठीची कमान झालेली, पिल्लू थानाला ओढून ओढून कंटाळून ओरडणारं. लोक म्हणाले, अंजनी ध्यानाला बसली.

मी सायकल काढली आणि गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना तीन मैलांवर होता. डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला मोकळे. ते शनिवार-मारुतीतले नव्हते. त्यांच्या आजोबांनी छप्पन सालानंतर बौद्ध धम्म घेतला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंपाचं ऐकताना तोंडावर हात धरला, आणि मग गंभीर झाले.

"गुरुजी, गायीने ज्वारीचं पोतं फोडलं तर काय होतं?"

"पोट फुगतं. वेळेवर इलाज झाला नाही तर मरते."

"वानराचं पोट त्यातलंच. कप्पे असतात. पाला त्यात आंबतो आणि मग पचतो. गोडधोड गेलं की आंबणं हाताबाहेर जातं. तिला औषध नको. तिला पाला द्या, पाणी द्या आणि बाकी सगळं बंद करा."

"मग तुम्ही गावात येऊन हे सांगा ना."

ते थोडा वेळ टेबलावरची काच पुसत राहिले. "मी सांगितलं तर म्हणतील, ह्याला आपल्या देवाचं काय पडलंय. मग उलट दोन पेढे जास्त घालतील. तुम्हीच सांगा. रंग तुमचा आहे."

"आणि नाही ऐकलं तर?"

"हनुमान जयंती कधी आहे?"

चार दिवसांवर होती. गावाने ठरवलं होतं की जयंतीला प्रत्येक घराने अंजनीला आपल्या हाताने बुंदी भरवायची. परत येताना मी सायकलवर हिशेब केला. एकशे बारा उंबरे, घरटी पाच घास धरले तरी पाचशे साठ घास. तिचं पोट माझ्या टोपीएवढं. घरी आलो तेव्हा बायकोने एका वाक्यात विचारलं, सांगणार की नाही. मी म्हणालो, उद्या. तीन दिवस मी उद्याच म्हणत होतो. या तीन 'उद्यां'ना मी खोट्यात धरलेलं नाही, पण धरायला हरकत नाही.

जयंतीच्या पहाटे जन्माचा पाळणा झाला, सुंठवडा वाटला आणि माणसं बुंदीच्या पराती घेऊन रांगेत उभी राहिली. सर्वांत पुढे आबा. वानरीण कट्ट्याच्या कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. डोळे अर्धे मिटलेले. पिल्लू तिच्या पोटावर चढून घसरत होतं, पुन्हा चढत होतं. मी रांगेच्या पुढे जाऊन उभा राहिलो. शाळेच्या मैदानावर दीडशे पोरांपुढे बोलणारा माणूस मी, पण माझा आवाज फाटला.

"थांबा. तिच्या कपाळावर शेंदूर नाही. गेरू आहे. मी लावलाय."

मी सगळं सांगितलं. उंबर, एकतीस, सत्तावीस, चव्वेचाळीस, डिंक, पंप, बाज. शेवग्यावर मावा नव्हता हेही सांगितलं. डॉक्टरांचं पोटाचंही सांगितलं, कप्प्यांसकट. बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. आता लोक रागावतील, हसतील, पण पराती खाली ठेवतील.

गुरव पुढे आला. माझ्याकडे त्याने फार मायेने पाहिलं.

"गुरुजी, गेरू तुमचाच आसंल. मी न्हाई म्हनत न्हाई. पर तुमी नेम कुटं धरला हुता?"

"पाठीवर. शेपटाच्या वर चार बोटं."

"आन् लागला कुटं?"

माझी नजर तिच्या कपाळाकडे गेली.

"कपाळावर," गुरव रांगेकडे वळून म्हणाला. "ऐकलं का? मानसानं पाटीवर मारला, आन् त्यो कपाळावर गेला."

"नळी सुटली होती," मी म्हणालो. "नोझल काढलं होतं."

"सोडली कुनी?"

आबांचा चेहरा हळूहळू उजळत होता. "आन् पंप माजा हुता," ते म्हणाले. "माज्याच पंपानं झालंय ह्ये." मग त्यांना आणखी एक सुचलं. "तरीच मी म्हनतो, गुरुजींचं कान आठ दिस लाल का. त्यास्नी बी लागला की शेंदूर."

दोन म्हाताऱ्या माझ्या पाया पडायला पुढे आल्या. मी मागे सरकलो आणि कट्ट्याला अडखळलो. "आबा, तुमच्या गायीने ज्वारी खाल्ली होती तेव्हा काय झालं होतं, आठवतंय ना?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"ती गाय हुती," आबा समजुतीने म्हणाले. "ही अंजनी हाय." आणि त्यांनी बुंदीची मूठ पुढे केली.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझी बायको पुढे आली. गावात ती मोठ्याने कधी बोलली नव्हती. सातवी शिकलेली, माहेर राहुरीचं, मोजकं बोलायची सवय. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने गुरवाला विचारलं,

"मामा, दर शनिवारी मारुतीला काय घालता?"

"रुईची माळ. त्याल."

"पानांचीच ना माळ? लेकाला पानं चालतात, मग आईला बुंदी कशाला?"

गुरवाला उत्तराला वेळ लागत नसे, पण या वेळी लागला.

"आमच्या शेवग्यावर ती रोज यायची," बायको म्हणाली. "नुसता पाला. दुसरं तोंडात काही नाही. तिचं पाल्याचं व्रत आहे. ते होतं तोवर कशी उड्या मारत होती ते सगळ्यांनी पाहिलंय. आपण गूळ घातला, व्रत मोडलं. तेव्हापासून बघा, अंग टाकून बसलीय. बाळाला दूध नाही तिच्या."

बायकांच्या रांगेत कुजबुज झाली. पाया पडायला आलेल्या म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "व्हय बाई. मी म्हनतच हुते, वली बाळंतीन दिसती, सुकली कशी? व्रत मोडल्यालं बाधतंच." दुसरी म्हणाली, "ह्या बाप्यांना काय कळतंय व्रताचं." तिने आबांच्या हातातली मूठ धरून परत परातीत रिकामी केली. त्यांनी काही हरकत घेतली नाही. ती त्यांची आईच होती.

बुंदी माणसांनीच खाल्ली. वीस मिनिटांत गावभर पाल्याची धावपळ सुरू झाली. मी माझी कबुली कुठे कमी पडली याचा विचार करत उभा होतो, तोच समोर पहिला भारा आला, रुईचा. मारुतीला चालते ती अंजनीलाही चालणार, इतकं ते सरळ होतं. रुईचा चीक डोळ्यात गेला तर माणूस दोन दिवस आंधळा राहतो. "रुई नको," मी ओरडलो. मग एकाने एरंड आणला, एकाने घाणेरी. मला देवळाच्या पायरीवर बसावं लागलं. पिंपळ घ्या, उंबर घ्या, चिंचेची पालवी चालेल, शेवगा चालेल. कडुलिंब थोडा. "थोडा म्हंजी किती?" आबांनी विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. लोकांनी मात्र एवढंच पाहिलं की व्रताचे नियम गुरुजींना ठाऊक आहेत. जो माणूस चमत्कार नाही म्हणायला उठला होता, तो चैत्री पौर्णिमेला दुपारपर्यंत देवळाच्या दारात नैवेद्याचा पाला निवडत होता.

तिने त्या दिवशी काही खाल्लं नाही. पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी चिंचेच्या चार डहाळ्या ओरबाडल्या. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन पोट बघत होतो आणि वहीत लिहीत होतो. डॉक्टर बाजाराला जाताना गावावरून गेले आणि फटफटीवरूनच लांबून पाहून मान हलवली. त्या मान हलवण्याचं मला जनगणनेच्या साहेबांपेक्षा बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती पिंपळाच्या पहिल्या फांदीपर्यंत चढली आणि परत खाली आली. पाचव्या दिवशी सकाळी कट्टा रिकामा होता. मी उंबराकडे जवळजवळ धावतच गेलो. टोळी तिथे होती आणि लाल कपाळ वरच्या शेंड्यात पाला खात बसलं होतं. पिल्लू दुसऱ्याच कुणा मादीच्या अंगावर चढून तिचे कान ओढत होतं.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, व्रताचं जे सांगितलंस ते खरं नव्हतं.

"पाला खाते हे खरं ना? गूळ बाधला हे खरं ना?"

"पण व्रत?"

"तुम्ही सगळं खरं सांगितलंत की," ती म्हणाली. "कुणी ऐकलं?"

मी त्या दिवशी ताटातली आमटी प्यायलो. पापडाऐवजी बाजूला तळलेल्या कुरडया होत्या. विटकरी. गेरू खरवडून उरलेल्या. त्या वर्षी पाहुण्यांना कुरडई वाढायची सोय नव्हती.

वनखात्याचं स्मरणपत्र आलं तेव्हा गावाला टोळी हलवायची नव्हती. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. आपलीच मानसं हायती." पुढच्या वर्षी हरभरा आला तेव्हा त्यांनी दुरुस्ती केली, अंजनीने खाल्लं तर हरकत नाही, पण बाकीच्यांनी कशाच्या नात्याने खावं. पत्राला उत्तर देणं मात्र माझ्याकडे होतं, कारण मोजून देतो असं मी सभेत म्हणालो होतो. मी दोन रात्री बसलो. चौतीस लिहावंसं फार वाटत होतं. शेवटी लिहिलं : निश्चित मोजलेली, एक. उरलेली मोजता आली नाहीत. सही केली. त्या उत्तरावर खात्याने काही कळवलं नाही.

डिंकाचा गेरू दोन पावसाळे धरतो, तो भिंतीवर. वानराचे केस झडतात हे मी हिशेबात घेतलं नव्हतं. श्रावण संपला तेव्हा तिच्या कपाळावर एक फिकट डाग होता आणि दसऱ्याला तोही नव्हता. एका सकाळी टोळी आमच्या शेवग्यावर आली. मी अंगणात उभा राहून एकेक कपाळ पाहिलं. काळी तोंडं, राखी अंगं. मोठं झालेलं, अजून आईला चिकटणारं एक पिल्लू होतं, पण तशी तीन होती. मी मोजलेली ती एक होती की नव्हती, मला सांगता येईना. कुणीही माझ्याकडे ओळखीने पाहिलं नाही, म्हणजे ती असलीच तर रागावलेली नव्हती.

बायको मागून आली.

"किती आहेत?"

मी बोट वर केलं, सातापर्यंत आलो आणि थांबलो.

"आहेत," मी म्हणालो. "बरीच आहेत."

तिने हातातली सुपली खाली ठेवली आणि माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.